उतरलेल्या खांद्याचा ट्रॅकसूट

"अहो, यात तुम्हीपण मावाल," ट्रायल रूमच्या पडद्याआडून शालन म्हणाली.

मी बाहेर उभा होतो, गळ्यात टेप घेऊन. माझ्या दुकानातून निघताना तो काढायचा राहिला होता की मी मुद्दाम ठेवला होता, ते विचारू नका. रेडीमेडच्या दुकानात शिरताना शिंप्याची मान आपोआप ताठ होते, एवढं खरं. आणि मी काही साधासुधा शिंपी नव्हतो. अख्ख्या कराडात ब्लाऊज म्हटलं की माळवदे मास्तर. उंब्रजहून, पाटणहून बायका यायच्या. माझ्या ब्लाऊजला पाठीवर एक चुणी दाखवा, शिलाई परत देतो, असं मी चारचौघांत सांगायचो आणि एवढ्या वर्षांत कुणी शिलाई परत मागितली नव्हती.

पडदा सरकला. माझी बायको, वय वर्षं बावन्न, राखाडी रंगाचा ट्रॅकसूट घालून उभी होती. तीच होती, कारण वर तोंड दिसत होतं. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या, खांद्याची शिलाई कोपराकडं निघाली होती आणि विजार पावलांवर गोळा होऊन बसली होती.

"हा कुठला साइज काढलास गं?" मी दुकानातल्या मुलीला विचारलं. आफरीन तिचं नाव. मुजावरांची लेक, बावीस-तेवीस वर्षांची, स्वतः तसल्याच ढगळ कपड्यांत वावरणारी.

"डबल एक्सएल, काका. काकूंनीच मागितला."

"मला वाटलं, सैल पाहिजे तर मोठाच मागावा," शालन म्हणाली.

"काकू, इथंच सगळे फसतात," आफरीन म्हणाली. "ओव्हरसाइजमध्ये आपला नेहमीचाच साइज घ्यायचा. सैलपणा त्यांनी आधीच धरलेला असतो. आपण वरनं आणखी दोन-तीन साइज चढवले की तंबू होतो. तुमचा नेहमीचा साइज कुठला?"

शालननं माझ्याकडं बघितलं. तिला तिचा साइज माहीत नव्हता. माहीत असायचं कारणच नव्हतं. लग्न झाल्यापासून तिनं रेडीमेड कपडा अंगाला लावलेला नव्हता. शिंप्याची बायको दुकानातून कपडे आणते हे लोकांना कळलं असतं, तर मी तोंड कुठं लपवलं असतं? मी छाती, कंबर, उंची असे आकडे घडाघडा म्हणून दाखवले. मला ते पाठ होते.

"म्हणजे मीडियम," आफरीन म्हणाली आणि एका हातानं तो काढून दिला.

मीडियमही माझ्या डोळ्यांना गोणपाटच दिसला. मी पुढं होऊन शालनच्या खांद्याला टेप लावला.

"चार इंच खाली उतरलाय खांदा."

"ड्रॉप शोल्डर म्हणतात त्याला, काका."

"आमच्यात त्याला वाया घालवलेला कपडा म्हणतात. असा खांदा उतरला तर गिऱ्हाईक कपडा तोंडावर फेकतं."

"तुम्ही उतरवलात तर चूक, कंपनीनं उतरवला तर फॅशन," आफरीन हसत म्हणाली. "काकू, हात वर करा बघू. पूर्ण वर. आता उकिडव्या बसा. उठा."

शालननं हात वर केले, उकिडवी बसली, उठली. मग कुणी न सांगता परत बसली, परत उठली. लहान मुलीला झोका मिळावा तसं तिचं तोंड झालं होतं.

"हाच द्या," ती म्हणाली. मला न विचारता. मी म्हटलं, असू दे, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे.

दहा दिवसांनी गावात बायकांची धावण्याची स्पर्धा होती, पाच किलोमीटरची. शालननं त्यात नाव दिलं होतं. त्याचं असं झालं की, दोनेक वर्षांपासून तिला दम लागायचा. दुकानाच्या वर आमचं घर, बावीस पायऱ्या. त्या चढली की मधल्या वळणावर थांबायची, छातीवर हात ठेवून. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, शुगर बघितली. सगळं ठीक. काही सापडत नाही म्हणाले, रोज चाला. मी म्हणालो, वय झालं आता, चालायचंच. हे वाक्य मी बऱ्याचदा म्हणालो असणार, कारण एक दिवस ताटावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "मी पाच किलोमीटरला नाव दिलंय. ते झालं माझ्याच्यानं, तर मी अजून धडधाकट आहे असं समजेन. नाही झालं, तर तुम्ही म्हणता ते खरं. मग मी कोपरा धरून बसते."

मी हसलो. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं, पण हसलो.

तीन आठवडे ती रोज सकाळी जात होती. मी शिवलेला पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला बांधून. आणि रोज दोन किलोमीटरला, ओगलेवाडीच्या रस्त्यावर एक रसवंती आहे, तिथं थांबायची. कधी त्याच्या पुढं पाऊल गेलं नाही. घरी आली की जिन्यात बसून राहायची.

ट्रॅकसूट आणल्याच्या दुसऱ्या दिवशी ती साडेसातला परत आली आणि सरळ दुकानात शिरली. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी थांबली नाही.

"अहो, आज रसवंती मागं टाकली. पार तिकडं रेल्वेच्या फाटकापर्यंत गेले. थांबलेच नाही मधे."

"बुटांचा गुण," मी म्हणालो. दोन आठवड्यांपूर्वी बूट मी पसंत करून आणले होते. "मी म्हटलं होतं ना, चांगले बूट घे म्हणून."

तिनं पायातल्या बुटांकडं बघितलं. मग "असेल," म्हणाली आणि वर गेली. बावीस पायऱ्या एका दमात चढली, तेही मी ऐकलं आणि मनातल्या मनात बुटांनाच शाबासकी दिली.

आता पुढचं सांगायचं म्हणजे मलाच माझी कीव येते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी शालन छातीवर लावायचा नंबर आणायला गेली. ट्रॅकसूट धुऊन, वाळून, दुकानातल्या खुंटीवर टांगलेला होता. मी मशीनवर बसलो होतो आणि तो माझ्या डोळ्यांसमोर. उतरलेला खांदा. बगलेत वीतभर लोंबणारं कापड. उद्या अर्धं गाव रस्त्याच्या कडेला उभं राहणार. त्यातल्या निम्म्या बायका माझ्या गिऱ्हाईक. त्या म्हणणार, मास्तरांची बायको बघा, पोत्यात घातल्यासारखी दिसतेय. शिवाय मला खरोखर असंही वाटत होतं की, एवढं कापड पायात येऊन ती पडायची कुठंतरी. चांगल्या मनानं केलेला मूर्खपणा होता तो, पण शंभर टक्के मूर्खपणा.

हात शिवशिवायला लागले. मी उठलो, खुंटीवरून ट्रॅकसूट काढला आणि तिचा मापाचा ब्लाऊज शोधला. आमच्या धंद्यात प्रत्येक बाईचा एक मापाचा ब्लाऊज असतो. जुना, नीट बसलेला. बाई नवीन कापडाबरोबर तो आणून देते, मास्तर त्यावरनं बेततो. शालनचा ब्लाऊज दुकानातच असायचा, खणात सगळ्यात वर. तो मी ट्रॅकसूटच्या जॅकेटवर ठेवला, खडूनं खूण केली आणि मनगटापासून बगलेपर्यंत, बगलेपासून कमरेपर्यंत एका ओळीत शिलाई मारत नेली. दोन्ही बाजूंनी. खांद्यावर चुणी घेऊन तो जागच्या जागी आणून बसवला. विजारीची मांडी घेतली, घोटा घेतला. कापलं मात्र काही नाही. कापड कापून टाकायचं नाही, आत दाबून ठेवायचं, ही माझ्या बापाची शिकवण.

होजिअरीचं कापड ताणलं जातं आणि त्यावर ब्लाऊजची सरळ, घट्ट शिलाई मारली की ताण तिथंच मरतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी सुचलं नाही. मी इस्त्री केली, घडी घातली, पिशवीत भरून वर नेऊन ठेवली. तिला सकाळी कळेल म्हणून मुद्दाम बोललो नाही. मला वाटलं, पोरगी खूश होईल. हो, बावन्न वर्षांच्या बायकोला मी त्या दिवशी मनात पोरगी म्हणत होतो, इतका मी स्वतःवर खूश होतो.

सकाळी साडेपाचला ती आतल्या खोलीतून बाहेर आली. आत आमच्या मुलाचा जुना टीशर्ट, वरून ट्रॅकसूट. चेन गळ्यापर्यंत ओढलेली. उत्तम बसला होता. काय सांगू, कापडावरूनच नाडीपरीक्षा करावी असा बसला होता.

"हे आटलं कसं?" तिनं विचारलं.

"आटलं नाही. मी आत घेतलं थोडं. बघ आता कसं दिसतंय."

तिनं आरशात बघितलं नाही. हात खांद्यापर्यंत वर केले, तिथंच अडकले, ते खाली सोडले. घड्याळाकडं बघितलं.

"चला, उशीर होतोय," एवढंच म्हणाली.

तिला शब्द सुचेनात असं मला वाटलं. कौतुकानं.

स्टेडियमपाशी तीन-चारशे बायका होत्या. मी शिटी वाजायच्या आधीच सायकल काढून पुढं निघालो आणि रसवंतीसमोर जाऊन उभा राहिलो, म्हणजे ती थाटात तिथून पुढं जाताना मला बघता येईल. शेजारी उभ्या माणसाला मी सांगितलंसुद्धा, "राखाडी ट्रॅकसूटवाली येईल बघा, फिटिंग बघा फक्त."

पोरी गेल्या, तरण्या बायका गेल्या. मग चाळिशीच्या, मग पन्नाशीच्या. मग बराच वेळ कुणी नाही. मग राखाडी ट्रॅकसूट दिसला. ती धावत नव्हती. चालत होती, तेही एका बाजूला कलून, तोंड लालबुंद. रसवंतीच्या फळीवर येऊन तिनं बूड टेकलं आणि डोळे मिटून घेतले.

"झालं," ती म्हणाली. "मी संपले. घरी चला."

फटकन काही बोलली असती, रडली असती तरी चाललं असतं. पण ती ज्या आवाजात घरी चला म्हणाली, तो कोपरा धरून बसलेल्या बाईचा आवाज होता.

"परवा-परवा तर फाटकापर्यंत गेलीस," मी म्हणालो. "बूट तेच आहेत."

तिनं डोळे उघडले. "बुटांत कुठं फुप्फुसं असतात? श्वास जात नाही आत. छाती भरायला जागाच नाही."

"एवढं घट्ट झालंय का हे?"

"हे आणि ते काय. तुमच्या कुठल्याच कपड्यात जात नाही."

"कुठल्याच म्हणजे?"

"कुठल्याच म्हणजे कुठल्याच. ब्लाऊज, ड्रेस, सगळं. या ट्रॅकसूटमध्ये आठ दिवस जात होता. तो तुम्ही काल शिवून टाकलात."

रसवंतीवाला घागरभर पाणी ओतता ओतता थांबला. मी तिच्याकडं बघितलं आणि मग पहिल्यांदा तिच्या बगलेकडं बघितलं. माझीच शिलाई होती, बारीक, सरळ, एकसारखी, आणि ती तिच्या अंगात रुतली होती. बावीस पायऱ्या, कार्डिओग्राम, रक्ताच्या तपासण्या, वय झालं आता. सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

खिशात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड असतं माझ्या, सवयीनं. ते काढलं आणि रस्त्यावर तिच्यासमोर गुडघे टेकले.

"हात वर कर."

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. कर वर."

बगलेपासून सुरुवात केली. शिवायला मला दीड तास लागला होता, उसवायला पाच मिनिटं पुरली. एकेक टाका तुटत होता आणि आत दाबलेलं कापड बाहेर येत होतं. मी खालपर्यंत गेलो, दुसरी बाजू घेतली, खांद्यावरच्या चुण्या सोडल्या. खांदा पुन्हा चार इंच खाली उतरला. विजारीच्या मांडीचं भर रस्त्यात काही करता येत नव्हतं, घोटे तेवढे मोकळे केले.

तेवढ्यात मागून कुणीतरी धापा टाकत येऊन थांबलं. बघतो तर थोरात मॅडम, कन्याशाळेच्या. बारा वर्षांच्या माझ्या गिऱ्हाईक. अंगात मी दिवाळीला शिवलेला मोरपंखी पंजाबी ड्रेस.

"मास्तर, काय चाललंय हे?"

"जरा सैल करतोय," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

मॅडमनी शालनकडं बघितलं, माझ्या हातातल्या ब्लेडकडं बघितलं. मग शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि हात वर केला. "मग माझ्या मुंढ्याचंपण तेवढं बघा. दोन्हीकडचं. लाजायची वेळ नाही ही, माझा जीव चाललाय."

त्यांच्यामागं आणखी एक बाई येऊन थांबल्या. त्याही माझ्याच. मी कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही. शिलाई परत देतो म्हणणारा मास्तर ओगलेवाडीच्या रस्त्यावर गुडघ्यांवर बसून एकापाठोपाठ एक शिलाई परत घेत होता. मघाशी ज्याला मी फिटिंग बघा म्हणालो होतो, तो शेजारचा माणूस अजून उभा होता आणि खरोखर बघत होता.

शालन उठली. तिनं श्वास घेतला. तेहतीस वर्षं एका घरात राहून तिचा तसला श्वास मी ऐकलेला नव्हता. आत जातच राहिला. मग तिनं मॅडमना "येते हं," म्हटलं आणि पळायला लागली. दोन्ही बाजूंनी पांढरे धागे लोंबत होते, पाठीवर कापड फडफडत होतं. अगदी पोत्यात घातल्यासारखी दिसत होती. मी सायकल घेऊन मागं गेलो, पण जवळ जायचं धाडस झालं नाही.

ती पोचली तेव्हा मांडवाच्या कनाती सोडायला सुरुवात झाली होती. मागून मोजली तर अकरावी. एका माणसानं खोक्यातलं पदक काढून तिच्या गळ्यात घातलं आणि पाण्याची बाटली दिली. ती स्टेडियमच्या पायरीवर बसली, घामानं निथळत, आणि रडायला लागली. मग हसायला लागली. मग दोन्ही.

"झालं की हो माझ्याच्यानं," ती म्हणाली. "पाचच्या पाच."

मी खालच्या पायरीवर बसलो. मला तिच्या शेजारी बसायची लाज वाटत होती.

"शालन, इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले की," ती पाणी पिता पिता म्हणाली. रागानंसुद्धा नाही. "लग्नानंतरच्या पहिल्याच ब्लाऊजला बोलले. त्यानंतर दर ब्लाऊजला बोलले. तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता तेच मला सांगायचात. दोनदा घाल, अंगावर बसेल."

मला आठवलं. ते वाक्य मी दिवसातून दहादा म्हणत असे. तिला कितीदा म्हणालो, त्याची आठवण नव्हती, कारण तिला म्हणताना मी मशीनवरून मान वर केलेली नव्हती.

घरी आल्यावर तिनं अंघोळ केली, चहा घेतला आणि मग कपाट रिकामं करून सगळे ब्लाऊज, सगळे ड्रेस दुकानात माझ्या मशीनवर आणून ठेवले. ढीग माझ्या छातीपर्यंत आला. मी वरचा ब्लाऊज उचलून उलटा केला. आत दोन्ही बाजूंना बोटभर कापड दाबलेलं होतं, माझ्या हातानं दाबलेलं. म्हणजे सोय पहिल्यापासून होती.

"किती सोडू?" मी विचारलं.

शालन माझ्यासमोर येऊन सरळ उभी राहिली. हात बाजूला घेतले, छाती भरून श्वास घेतला आणि तो तसाच धरून मानेनं खुणावलं, घ्या आता माप.

मी माप घेतलं. चुकलं असेल म्हणून पुन्हा घेतलं. दोन्ही वेळा मला पाठ असलेल्या आकड्याहून अडीच इंच जास्त भरलं.